विनाकारण वाजणारा भोंगा : बिघाड कसा शोधावा?

शाळेचा संगणक कक्ष, पतसंस्थेची तिजोरी, ग्रामपंचायतीचे दप्तर अशा अनेक ठिकाणी आता चोरीची सूचना देणारी यंत्रणा बसविलेली आढळते. तिला खरा धोका चोराकडून नसतो. मध्यरात्री भोंगा वाजतो, शिपाई धावत येतो, तर कुलूप शाबूत! असे तीन-चार वेळा घडले की शेजारी लक्ष देईनासे होतात आणि कोणी तरी यंत्रणाच बंद करून ठेवतो. किंवा दुरुस्तीस आलेला कारागीर तेवढा झोन वगळून मोकळा होतो. मग पॅनेलवरील हिरवा दिवा पाहून सारे निर्धास्त असतात, आणि एक दार मात्र राखणीविना राहते.

अमेरिकेतील ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली अशा विद्युत घंटेचे पेटंट घेतले. त्यांच्या रचनेत दार उघडताच परिपथ पुरा होऊन घंटा वाजे. अशा रचनेत तार कापली तर घंटा मुकीच राहते. आजच्या यंत्रणेत याच्या उलट योजना असते. दारे बंद असताना तारेतून सूक्ष्म प्रवाह सतत वाहतो व तो खंडित होताच भोंगा वाजतो. त्यामुळे सैल स्क्रू, उंदराने कुरतडलेली तार आणि चोराने उघडलेले दार यांत पॅनेलला भेद करता येत नाही. भोंगा बहुधा खोटे बोलत नसतो. परिपथ कोठे तरी खरोखरच तुटलेला असतो.

तारेच्या शेवटच्या टोकाला ठरावीक ओहमचा एक रोधक जोडतात. त्याची किंमत पॅनेलच्या पुस्तिकेत दिलेली असते. पुष्कळदा कारागीर श्रम वाचविण्यासाठी तो टोकाला न बसवता पॅनेलच्या पेटीतच बसवितो. हा दोष गंभीर होय. कारण मग बाहेरच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी पॅनेलला सारे ठीकच वाटते.

तपासणीपूर्वी मुख्य वीज व बॅटरी दोन्ही तोडावीत. दारे बंद ठेवून झोनच्या दोन्ही तारा पॅनेलमधून सोडवाव्यात आणि मल्टिमीटरने रोध मोजावा. रोधकाइतकाच आकडा आला तर तार ठीक. आकडाच न आला तर तार तुटलेली. शून्याजवळ आला तर तारा चिकटलेल्या. आकडा स्थिर न राहता हलत असेल, तर बहुधा एखादा जोड सैल वा गंजलेला असतो, अथवा त्यात ओल शिरलेली असते. पावसाळ्यात हे विशेष घडते. दोष शोधताना एका टोकापासून प्रत्येक जोड उकलीत बसू नये. मधल्या जोडावर तार सोडवून दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहावे, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. आठ दारांची तार असली तरी तीन मोजमापांत दोषी भाग हाती लागतो.

दाराच्या चौकटीवरील चुंबकीय स्विचची तक्रार निराळी. लाकडी दार पावसाळ्यात फुगते, बिजागरी खाली बसते, चुंबक दूर सरकतो आणि वाऱ्याच्या झोताने दार हलले तरी संपर्क सुटतो. येथे तार बदलून काहीच साधत नाही. बिजागरी कसावी लागते.

हालचाल टिपणारा सेन्सर माणसाच्या शरीराची उष्णता व भोवतालची उष्णता यांतील फरक ओळखतो. भिंगावर फिरणारा कोळी, थेट ऊन किंवा उष्ण झोत यांनी तो फसतो. उलट, विदर्भातील मे महिन्यात खोलीच ३७ अंशांच्या आसपास तापली की हा फरक उरत नाही आणि माणूस समोरून गेला तरी तो गप्प राहू शकतो! म्हणून त्याची चाचणी भर उन्हाळ्यातील दुपारीही घ्यावी.

रात्री वीज गेली वा आली की भोंगा वाजत असेल, तर प्रथम बॅटरी पाहावी. मुख्य वीज बंद करून भोंगा वाजवावा व त्याच वेळी सर्वांत दूरच्या सेन्सरपाशी व्होल्ट मोजावेत. १२ व्होल्टची बॅटरी जुनी असेल किंवा तार फार बारीक व लांब असेल, तर दाब येथेच कोसळलेला दिसतो.

दुरुस्तीनंतर वगळलेले झोन पुन्हा जोडून घ्यावेत, प्रत्येक दार एकेक करून उघडावे आणि भोंगा वाजल्याची वेळ, झोन व हवामान नोंदवहीत लिहून कारागिराची सही घ्यावी.