एकही तार न कापता

जुन्या अनेक गाड्यांत कंपनीनेच बसवलेला कॅसेट-रेडिओ असतो. बोलीभाषेत आपण त्याला गाडीतला टेप म्हणतो. त्याला मोबाईल जोडायला जागा नसते. दुकानात गेले की एकच सल्ला मिळतो, हा टेप काढून टाका आणि नवा बसवा. नवा बसवताना पुष्कळदा जुने प्लग कापून तारा एकमेकींना पिळल्या जातात. त्यानंतर मूळचा टेप परत लावणे कठीण होते. या लेखात मी दुसरी पद्धत सांगणार आहे. जुना टेप जागेवर राहील, गाडीची एकही तार कापली जाणार नाही आणि मोबाईलमधला आवाज गाडीच्याच स्पीकरमधून येईल. यासाठी दहावीच्या विज्ञानात शिकलेली वीज आणि थोडी शिस्त पुरते.

आमचे घर तंजावूरला, राजवाड्याच्या परिसरातल्या एका गल्लीत आहे. व्यंकोजीराजांनी सुमारे १६७५ मध्ये तेथे भोसल्यांचे राज्य स्थापले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात दक्षिणेत आलेल्या मराठी कुटुंबांपैकी काही अजून तेथे आहेत. आम्ही बाहेर तमिळ बोलतो आणि घरात मराठी. आजोबांची गाडी २००२ सालची आहे. त्यांच्याकडे माझ्या पणजोबांच्या मराठी कीर्तनाच्या चार कॅसेट आहेत. तंजावूरच्या मराठी कीर्तनाचा तमिळ हरिकथेवर मोठा परिणाम झाला, हे संगीताच्या अभ्यासकांना माहीत आहे. आमच्यासाठी मात्र तो घरातल्या माणसाचा आवाज आहे आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

कॅसेटच्या फितीवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. फीत वाजताना टेपच्या हेडवर घासते आणि थर हळूहळू झिजतो. त्यात मे महिन्याच्या उन्हात गाडी तापली की फीत वाकडी होते. म्हणून काकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवरून चारही कॅसेट मोबाईलमध्ये उतरवून घेतल्या. आता प्रत वाजवायची आणि मूळ कॅसेट कपाटात ठेवायची, असे ठरले. पण वर्षातून एकदा, पणजोबांच्या तिथीला, मूळ कॅसेट गाडीत लावायची आजोबांची पद्धत आहे. त्यामुळे त्यांनी अट घातली, "टेप काढायचा नाही आणि तार कापायची नाही. एवढे जमत असेल तरच हात लाव."

मार्ग कोणता निवडावा

जुन्या टेपला मोबाईल जोडण्याचे चार मार्ग आहेत.

पहिला, ऑक्स. काही टेपच्या पुढे किंवा मागे त्यासाठी वेगळे भोक असते. ते असेल तर एक केबल आणली की काम झाले. आमच्या टेपला ते नव्हते.

दुसरा, कॅसेट अडॅप्टर. हा कॅसेटच्याच आकाराचा असतो, पण आत फीत नसून एक छोटे हेड असते. मोबाईलमधून आलेल्या आवाजाप्रमाणे त्याचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि टेपचे हेड ते वाचते. हा सर्वांत स्वस्त आणि सोपा मार्ग आहे. पण प्रत्येक वेळी आत घालावा आणि बाहेर काढावा लागतो, आणि काही टेप त्याला फीत संपल्याचे समजून बाहेर फेकतात.

तिसरा, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर. तो आवाज हवेतून पाठवतो आणि गाडीचा रेडिओ तो पकडतो. गाडी गावाबाहेर गेली आणि त्याच जागी एखादे केंद्र लागले, की दोन्ही आवाज मिसळतात.

चौथा, तारेने जोडायचा एफएम मॉड्युलेटर. ही काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी अँटेना आणि रेडिओ यांच्यामध्ये बसते. आवाज हवेतून न जाता अँटेनाच्या तारेतूनच रेडिओत शिरतो. डबीचे बटण दाबले की अँटेना बाजूला होते आणि मोबाईल ऐकू येतो. बटण बंद केले की रेडिओ पूर्वीसारखा चालतो. कॅसेटच्या कप्प्याला काहीच लागत नाही. आम्ही हाच मार्ग घेतला.

आधी तयारी

काम सकाळी सातला सुरू केले, कारण तंजावूरला मेमध्ये दहानंतर गाडीत बसवत नाही. काका सोबत होते. अशा कामाला एक मोठे माणूस हवेच. साहित्य असे होते: मॉड्युलेटर, टेप बाहेर काढायच्या दोन यू आकाराच्या चाव्या, मल्टिमीटर, १ अँपिअरचा फ्यूज आणि त्याचा होल्डर, आमच्या टेपच्या प्लगला जुळणारी मधली जोडतार, इन्सुलेशन टेप, टॉर्च आणि वही.

पहिली गोष्ट बॅटरीची. काही टेपना चोरीपासून बचावासाठी कोड असतो आणि बॅटरी काढली की तो परत विचारला जातो. म्हणून कोड आधी पुस्तिकेतून वहीत लिहून घ्यावा. मग बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवावे. निगेटिव्हच का? गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. तुम्ही आधी पॉझिटिव्हचा नट सोडवायला घेतला आणि पाना चुकून पत्र्याला लागला, तर शॉर्टसर्किट होऊन मोठी ठिणगी उडते. निगेटिव्हचा नट सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, कारण दोन्ही एकच आहेत. निगेटिव्ह सुटले की मंडल तुटते आणि पत्रा सुरक्षित होतो. परत जोडताना निगेटिव्ह शेवटी जोडावे.

दुसरी गोष्ट एअरबॅगची. ज्या गाडीत एअरबॅग आहे तिथे पिवळ्या रंगाच्या प्लगांना किंवा वेष्टनांना हात लावू नये. स्टिअरिंगजवळची कव्हरे स्वतः काढू नयेत.

तार ओळखणे

टेपच्या पुढच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना छोटी भोके होती. त्यांत चाव्या घालून सरळ ओढले की टेप पुढे सरकतो. मागे दोन प्लग आणि अँटेनाची जाड तार दिसते. सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढावा.

आता खरा अभ्यास. बाजारातल्या नव्या टेपमध्ये बहुधा पिवळी तार कायम चालू वीज, लाल तार चावीने चालू होणारी वीज आणि काळी तार अर्थ असते. पण कंपनीच्या मूळ वायरिंगमध्ये रंग वेगळे असू शकतात. म्हणून रंगावर विश्वास न ठेवता मीटरवर ठेवावा. काकांनी मोजण्यापुरती बॅटरी परत जोडली आणि मी चार चाचण्या केल्या.

एक, चावी बाहेर असताना कोणत्या तारेवर १२ व्होल्टच्या आसपास वीज येते? एका तारेवर १२.५ आली. ही कायमची तार. टेपचे घड्याळ आणि केंद्रांची आठवण तिच्यावर चालते.

दोन, चावी पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावरच कोणती तार जिवंत होते? दुसऱ्या एका तारेवर शून्याचे १२.३ झाले. ही चावीची तार.

तीन, पार्किंगचे दिवे लावल्यावरच कोणत्या तारेवर वीज येते? ती टेपच्या बटणांमागच्या दिव्याची तार. तिला हात लावायचा नाही.

चार, कोणती तार आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये मीटर टीं असा आवाज करतो? ती अर्थ. ही चाचणी बॅटरी पुन्हा सोडवून केली.

मॉड्युलेटरला वीज चावीच्या तारेवरूनच द्यायची. कारण गणितात आहे. समजा मॉड्युलेटर ०.१ अँपिअर घेतो. कायमच्या तारेवर तो चोवीस तास चालू राहील, म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर दहा दिवसांत तिच्यातले २४ संपतील आणि गाडी सुरू होणार नाही. मी शाळेत आणि आजोबा एकटे, अशा वेळी गाडी बंद पडून चालणार नाही.

जोड आणि फ्यूज

गाडीचा प्लग आणि टेपचा प्लग यांच्यामध्ये मी मधली जोडतार बसवली. तिच्या एका टोकाला गाडीचा प्लग शिरतो आणि दुसरे टोक टेपमध्ये जाते. मॉड्युलेटरच्या लाल आणि काळ्या तारा या मधल्या जोडतारेलाच जोडल्या. उद्या ती काढून घेतली की गाडी जशी होती तशी. अँटेनाची तार टेपमधून काढून मॉड्युलेटरमध्ये घातली आणि मॉड्युलेटरची तार टेपमध्ये.

लाल तारेवर १ अँपिअरचा फ्यूज लावला, तोही वीज जेथून घेतली तेथे अगदी जवळ. फ्यूज यंत्राला वाचवतो असे आपण समजतो, पण त्याचे पहिले काम तारेला वाचवणे हे आहे. पातळ तार कोठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर फ्यूजच्या पुढचा भागच तेवढा सुरक्षित राहतो. फ्यूजच्या अलीकडे तार लांब ठेवली, तर त्या लांबीला मॉड्युलेटरच्या फ्यूजचे संरक्षण नसते. डॅशबोर्डच्या आत लागलेली आग दिसते तोपर्यंत उशीर झालेला असतो.

शिट्टीसारखा आवाज

टेप जागेवर बसवण्याआधी बाहेरच ठेवून तपासावा. काकांनी गाडी सुरू केली. रेडिओ लागला, कॅसेट वाजली आणि मॉड्युलेटर सुरू करून रेडिओ त्याच्या फ्रिक्वेन्सीवर आणल्यावर मोबाईलही ऐकू आला. पण पणजोबांच्या आवाजामागे बारीक शिट्टी येत होती. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीची पट्टी चढे, सोडला की उतरे.

अशा वेळी एकेक गोष्ट बंद करून बघावे. मोबाईल लायटर सॉकेटमधून चार्ज होत होता. चार्जर काढला आणि शिट्टी गेली. कारण असे: मोबाईलला आता अर्थाकडे जायला दोन वाटा मिळाल्या होत्या, एक चार्जरमधून आणि एक आवाजाच्या केबलमधून. दोन्ही ठिकाणी व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो, त्यामुळे त्या फेऱ्यातून अल्टरनेटरचा आवाज वाहतो. इंजिनाच्या वेगाबरोबर अल्टरनेटरचा वेग बदलतो, म्हणून पट्टीही बदलते.

उपाय म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर. त्यात डाव्या आणि उजव्या आवाजासाठी दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंची तार एकमेकींना जोडलेली नसते. दुसरी वाट तुटते. तो केबलच्या मध्ये लावला आणि चार्जर चालू असतानाही शिट्टी आली नाही. मग टेप आत सरकवला.

जोड म्हणजे काय

आमच्या घराजवळ राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. सरफोजीराजांनी, म्हणजे दुसऱ्या सरफोजींनी, ते वाढवले. त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्येही वाजत. याच दरबारातल्या तंजावूर बंधूंपैकी वडिवेलू यांनी व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवायला मोठा हातभार लावला. व्हायोलिनचा आकार तोच राहिला आणि रागही तेच राहिले. तारा सा आणि प या सुरांत लावल्या गेल्या आणि वादक मांडी घालून वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवून बसू लागला. बदल फक्त दोघे जेथे जुळतात तेथे झाला. मला वाटते, चांगला जोड असाच असतो. दोन्ही बाजू शाबूत राहतात.

हे काम करणाऱ्या मित्रांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मोजल्याशिवाय कोणतीही तार ओळखीची समजू नये. जे काम उलट करता येत नाही, ते करण्याआधी उलट करता येईल असा मार्ग शोधावा. फ्यूज विजेच्या उगमाजवळ लावावा. आणि काम झाल्यावर आराखडा लिहून ठेवावा.

आजोबांच्या गाडीच्या कप्प्यात आता एक घडी केलेला कागद आहे. त्यावर प्रत्येक तारेचा रंग, तिचे काम, फ्यूजची जागा आणि मधली जोडतार काढायची रीत मराठीत आणि तमिळमध्ये लिहिली आहे, कारण गाडी दुरुस्त करणारे मेस्त्री तमिळ वाचतात. मी शाळेत असताना काही बिघडले, तर त्यांना डॅशबोर्डमध्ये अंदाज बांधावा लागणार नाही.