कंपनी माझ्यामुळे बुडाली नाही

हिने तक्रार केली नसती तर पैसे मिळाले असते, असं आमच्या गल्लीत आजही बोललं जातं. म्हणून एकदाचं लिहिते.

मी त्या कंपनीत अकाउंट्स बघायचे. शेअर बाजारात ट्रेडिंग करून महिन्याला ५ टक्के, ही जाहिरात जिल्हाभर पोचली होती. मार्चअखेरीस ताळमेळ घालायला मी सरांकडे ब्रोकरचं स्टेटमेंट मागितलं. ते म्हणाले, "ते वरचं वर होतं. आलेले आणि गेलेले पैसे, एवढंच बघा." मग तेवढंच बघितलं, एकेक एंट्री. नव्या ठेवीदारांचे पैसे जमा होत आणि त्याच खात्यातून जुन्यांचा परतावा, एजंटांचं कमिशन, सरांच्या गाडीचा हप्ता जाई. वर्षभरात ब्रोकरच्या नावे एक रुपयाही गेला नव्हता. ट्रेडिंगच नव्हतं! त्या दिवशी एक निवृत्त शिक्षक फंडाची रक्कम घेऊन काउंटरवर आले, आणि त्यांची पावती फाडायला माझा हात धजेना.

असली योजना तक्रारीने बुडत नाही, नवे पैसे आटले की बुडते. अमेरिकेतल्या मॅडॉफच्या घोटाळ्याचंच बघा. हॅरी मार्कोपोलोस २००० सालापासून तिथल्या शेअर बाजार नियामकाला, एसईसीला, त्याबद्दल लेखी कळवत होते. मॅडॉफला अटक झाली डिसेंबर २००८ मध्ये, मंदीत गुंतवणूकदार पैसे परत मागू लागल्यावर. आठ वर्षं आधीच ऐकलं असतं तर किती घरं वाचली असती!

मला मात्र भर मीटिंगमध्ये घरभेदी म्हटलं गेलं. ज्या एजंटांनी कमिशन खाल्लं, तेच आज पीडितांच्या समितीत पुढच्या खुर्चीवर बसतात. हे मी विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर ऑफिसात कुणाजवळ बोलू नका, अगदी जवळच्या मैत्रिणीजवळही नाही. राजीनाम्याआधी वकिलाला भेटा. कामाचा भाग म्हणून जे कागद तुमच्या हाताखालून जातात, त्यांच्याच तारीखवार नोंदी ठेवा. दुसऱ्याच्या कपाटाला हात लावलात तर चोरीचा आळ तुमच्यावरच येईल. तक्रार आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी द्या, शिक्क्यासह पोच घ्या, आणि त्यात १९९९च्या ठेवीदार संरक्षण कायद्याचा, म्हणजे एमपीआयडीचा, स्पष्ट उल्लेख करा. नुसत्या फसवणुकीच्या कलमावर भागवू नका, कारण मालमत्तेवर टाच आणून ठेवीदारांना पैसे देण्याची वाट या कायद्यात आहे. सेबीलाही प्रत पाठवा. २०१४च्या जागल्या संरक्षण कायद्यावर विसंबू नका. तो सरकारी सेवकांच्या गैरकारभाराविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, खासगी कंपनीतल्या कारकुनाला त्याचा आधार नाही. घरच्यांना विश्वासात घ्या. मन खंबीर ठेवा.

आणि आमच्या कंपनीच्या ठेवीदारांना सांगणं एवढंच: माझ्या दारात येऊन ओरडण्यापेक्षा मूळ पावत्या घेऊन तपास अधिकाऱ्यांकडे जा आणि जबाब नोंदवा. अजून कितीतरी जणांनी तो नोंदवलेला नाही.