खेळाचा दुसरा भाग: जुनें इंजिन कीं नवें?



आपणांपैकीं पुष्कळांस संगणकावरील खेळ खेळण्याची हौस आहे, आणि त्या हौशीपायीं कित्येकांस घरीं बोलणींहि खावीं लागत असतील. परंतु खेळ खेळणें निराळें आणि खेळ तयार करणें निराळें. खेळ तयार करणें हा आज जगांतील एक मोठा उद्योग झाला असून, त्यांत दोघांतिघांच्या लहानशा मंडळ्याहि आपलें नशीब अजमावीत असतात. अशा एखाद्या मंडळीचा खेळ लोकांस आवडला, म्हणजे त्याचा दुसरा भाग काढावा अशी मागणी सुरू होते. आणि तो काढावयाचें ठरलें कीं लगेच एक अवघड प्रश्न पुढें उभा राहतो. पहिला भाग ज्या इंजिनावर रचला त्याच इंजिनावर दुसरा रचावा, कीं अधिक नवें इंजिन घ्यावें? प्रश्न दिसतो यंत्रविद्येचा. परंतु त्याच्या उत्तरावर त्या चार माणसांची कैक वर्षांची मेहनत आणि त्यांच्या घरची चूल अवलंबून असते. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम इंजिन म्हणजे काय तें पाहूं. नाटक मंडळीचें उदाहरण घ्या. नाटककार संवाद लिहितो, नट ते बोलतात. परंतु पडदे वरखालीं करण्याची, दिवे लावण्याची, देखावे बदलण्याची व्यवस्था प्रत्येक नाटकासाठीं नव्यानें उभारावी लागत नाहीं. संगणकाच्या खेळांत ही व्यवस्था ज्या सॉफ्टवेअरकडे असते, त्यास इंजिन म्हणतात. एका सेकंदांत बहुधा साठ वेळां पडद्यावर चित्र काढणें, दोन वस्तु एकमेकींवर आदळल्या कीं काय हें पाहणें, ध्वनि वाजविणें, खेळाडूनें कोणती कळ दाबली तें ओळखणें, हीं सर्व कामें इंजिन करितें. कथा, पात्रें, चित्रें आणि खेळाचे नियम मात्र कर्त्यांनीं स्वतः रचावयाचे असतात.

आतां हे नियम ज्या भाषेंत लिहावयाचे, ती भाषा इंजिनागणिक वेगळी असूं शकते. युनिटी या इंजिनांत सी-शार्प भाषा चालते, तर लिबजीडीएक्स नांवाच्या साधनांत जावा चालते. म्हणून इंजिन बदललें असतां चित्रें व संगीत बरेंचसें बरोबर नेतां येतें, परंतु लिहिलेल्या नियमांचा मोठा भाग पुन्हा लिहावा लागतो. शिवाय एक न दिसणारी संपत्ति हातची जाते. जुन्या इंजिनाच्या खोडी कोणत्या आणि त्यांवर उपाय काय, हें वर्षानुवर्षांच्या अनुभवानें आलेलें ज्ञान निरुपयोगी होतें.

हें सारें खरें असतांहि कांहीं मंडळ्यांनीं इंजिन बदललें आहे व कांहींनीं बदललें नाहीं. तीं उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत.

ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅडिलेड शहरीं टीम चेरी नांवाची मोजक्या माणसांची मंडळी आहे. तिनें 2014 सालीं लोकवर्गणी मागितली. 35,000 ऑस्ट्रेलियन डॉलर हवे होते, ते 57,000 हून अधिक मिळाले. त्यांतून युनिटी इंजिनावर रचलेला ‘हॉलो नाइट’ हा खेळ 2017 सालीं बाहेर पडला व जगभर गाजला. त्याला एक छोटी पुरवणी जोडावयाची, असा मूळ विचार होता. तीच वाढत जाऊन 2019 सालीं ‘सिल्कसाँग’ या स्वतंत्र खेळाची घोषणा झाली, आणि तो 4 सप्टेंबर 2025 रोजीं प्रसिद्ध झाला. त्यासाठींहि त्यांनीं युनिटीच ठेविलें. येथें कोणी म्हणेल, इंजिन तेंच ठेवूनहि साडेसहा वर्षें लागलींच कीं! खरें आहे. परंतु तीं वर्षें नवीं स्थळें, नवे शत्रु व नवें संगीत रचण्यांत गेलीं. चालण्याउडण्याचा पाया पुन्हा घालण्यांत गेलीं नाहींत. खेळाडूच्या पदरांत शेवटीं पडतें तें हेंच.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील होपू गेम्स या मंडळीचें. वॉशिंग्टन विद्यापीठांत शिकत असतांना दोघां विद्यार्थ्यांनीं ‘रिस्क ऑफ रेन’ हा सपाट चित्रांचा खेळ गेममेकर या इंजिनावर रचला. तो 2013 सालीं निघाला. दुसऱ्या भागांत त्यांस लांबी, रुंदी व खोली अशा तिन्ही दिशांनीं फिरतां येईल असें जग हवें होतें. गेममेकर हें मुख्यतः सपाट खेळांसाठीं बनविलेलें इंजिन. म्हणून त्यांनीं युनिटी घेतलें. खेळ 2019 सालीं अपुऱ्या स्वरूपांत व 2020 सालीं पूर्ण स्वरूपांत आला आणि उत्तम चालला. येथें खेळाचें रूपच बदललें होतें, त्यामुळें इंजिन बदलणें भाग होतें.

तिसरें उदाहरण फार बोधप्रद आहे. अमेरिकेंतीलच मेगा क्रिट या मंडळीचा ‘स्ले द स्पायर’ हा पत्त्यांचा खेळ जावा भाषेंत लिबजीडीएक्सवर रचला होता. तो 2019 सालीं पूर्ण झाला. पुढील खेळासाठीं त्यांनीं युनिटी घेतलें आणि दोन वर्षांहून अधिक काळ काम केलें. इतक्यांत 12 सप्टेंबर 2023 रोजीं युनिटीच्या चालकांनीं जाहीर केलें कीं, ठराविक मर्यादेपुढें खेळ जितक्या यंत्रांवर उतरवून घेतला जाईल, तितक्यांचें शुल्क द्यावें लागेल. लहान मंडळ्यांत एकच खळबळ उडाली. ही योजना मागें न घेतल्यास आपण दुसऱ्या इंजिनाकडे जाऊं, असें मेगा क्रिटनें उघड सांगितलें. आणि 2024 सालीं ‘स्ले द स्पायर 2’ ची घोषणा झाली, तेव्हां तो गोडो या इंजिनावर रचला जात होता. गोडो 2014 पासून सर्वांस खुलें व विनामूल्य आहे. त्याच्या अटी कोणा एका कंपनीच्या मर्जीनें बदलत नाहींत. युनिटीनें तें शुल्क सप्टेंबर 2024 मध्यें रद्द केलें. पण एकदां उडालेला विश्वास अशा घोषणेनें लगेच परत येत नाहीं.

आतां एक इशारा. ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ या दुसऱ्या भागाची घोषणा 1997 सालीं झाली व त्यासाठीं क्वेक 2 चें इंजिन विकत घेतलें गेलें. पुढच्याच वर्षीं तें सोडून अनरियल इंजिन घेतलें. नव्या खेळांत दिसणारी प्रत्येक नवी करामत आपल्याहि खेळांत हवी, या हव्यासानें काम पुनःपुन्हा लांबलें. 2009 सालीं काम करणाऱ्यांस निरोप मिळाला, आणि दुसऱ्या कंपनीनें खेळ पुरा करून 2011 सालीं बाजारांत आणिला. चौदा वर्षांनंतर आलेल्या त्या खेळाचें स्वागत थंडच झालें. या अपयशास इंजिनाचा बदल हें एकच कारण नव्हे. तथापि नव्याच्या मागें धांवणारास शेवट दिसत नाहीं, हें त्यावरून कळतें.

यावरून माझ्या मतें नियम असा निघतो: लहान मंडळीनें सामान्यतः जुनेंच इंजिन ठेवावें, आणि पुढील तीन कारणांपैकीं एक तरी असेल तरच तें सोडावें. पहिलें, नव्या खेळाचें रूप जुन्या इंजिनांत मावत नसेल. दुसरें, इंजिनाच्या मालकाच्या अटींवर भरंवसा उरला नसेल. तिसरें, त्या इंजिनाची देखभालच बंद पडली असून, नव्या यंत्रांवर तें चालविणें अशक्य होत असेल. केवळ चित्रें अधिक झगझगीत दिसतील, हें कारण पुरेसें नाहीं. पुष्कळदां त्याच इंजिनाची नवी आवृत्ति घेतल्यानेंहि काम भागतें.

बदल करावयाचाच तर तो आरंभींच करावा आणि आधीं हिशेब मांडावा. पांच माणसें सहा महिने नुसतें जुनें काम नव्या भाषेंत उतरवीत बसलीं, तर तीस महिन्यांचें वेतन खर्चीं पडतें, आणि खेळाडूच्या दृष्टीनें मात्र कांहींच नवें घडलेलें नसतें. म्हणून पहिल्या भागांतील सर्वांत अवघड असा एकच प्रसंग निवडून तो नव्या इंजिनावर महिनाभर रचून पाहावा. त्या एका महिन्यांत जें कळेल तें शंभर जाहिराती वाचून कळणार नाहीं.

आपल्या शाळेंतील ज्या मुलामुलींस पुढें हा उद्योग करावासा वाटतो, त्यांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. इंजिनें येतील आणि जातील. त्यांची नांवें पाठ करण्यापेक्षां एक लहानसा खेळ शेवटपर्यंत पुरा करून दाखविणें अधिक मोलाचें आहे. आणि पालकांस विनंति अशी कीं, मूल संगणकापुढें बसलेलें दिसल्यास तें खेळत आहे कीं रचीत आहे, एवढें एकवार जवळ जाऊन पाहावें. रचीत असेल, तर त्यास आणखी अर्धा तास बसूं द्यावें.