ओल आलेली भिंत

गोव्यात आणि खानापूरकडे जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या. पावसाळ्यात पोपडे सुटले की गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतो, आणि घरधनी प्रसंगी कर्ज काढून तो करतो. आमच्या मते हा पैसा पाण्यातच जातो. चिरा सच्छिद्र, पाणी शोषणारा. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन निघते. सिमेंट ते आत कोंडते, मग ओल वर चढून दुसरीकडे फुटते.

आधी फुटके कौल, पन्हळ, जोत्याशी साचणारे पाणी पाहावे. पांढरा खार कोरड्या कुंचल्याने झाडावा. धुतल्यास पुन्हा आत मुरतो. सैल गिलावा खरवडून भिंत उन्हाळाभर उघडी ठेवावी, नंतर चुन्यानेच गिलावा करावा. सण तोंडावर असला तरी तेलरंग नको. चुन्याची सफेदी द्यावी.