मेलेली पाखरे कोठे जातात?

सातपूर हे नाशिकचे उपनगर कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु तेथे पाखरांनाही तोटा नाही. रस्त्याकडेच्या झाडांवर साळुंक्यांचा कलकलाट चालू असतो, नंदिनी नदीच्या काठी बगळे ध्यान लावून उभे असतात, विजेच्या तारांवर कोतवाल झुलतात आणि कावळे तर सर्वत्रच असतात.

या भागातील एका शाळेत मी शिकवीत होतो, तेव्हाची गोष्ट. सातवीच्या वर्गातील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आपल्या आवारात रोज शेकडो पाखरे येतात. ती कधीतरी मरत असतीलच ना? मग मेलेले पाखरू आपल्याला क्वचितच का दिसते?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. जन्मभर पाखरे पाहूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मी खडू घेऊन फळ्यावर हिशेब मांडला. समजा, चिमण्यांच्या एका जोडीने वर्षभरात सहा पिले वाढविली. दोनाच्या आठ चिमण्या झाल्या. दुसऱ्या वर्षी त्या आठांच्या चार जोड्यांनी प्रत्येकी सहा पिले वाढविली, म्हणजे एकूण बत्तीस झाल्या. एकही चिमणी मेली नाही, तर पाचव्या वर्षाच्या अखेरीस एका जोडीच्या २०४८ चिमण्या होतील! तसे तर कधी होत नाही. याचा अर्थ असा की, जितकी पाखरे जन्मास येतात, साधारणतः तितकीच दरवर्षी मरतात. मरण आपल्या भोवती रोज घडत असते. ते दिसत मात्र नाही.

ते का दिसत नाही? पुष्कळशी पाखरे अंड्यांत किंवा घरट्यांतच नाश पावतात. कित्येकांना शिक्रा, मांजर, मुंगूस किंवा साप पकडून नेतो. आजारी पाखरू उघड्यावर बसत नाही. दुबळेपणा दिसला की शत्रू झडप घालणार, हे जणू ठाऊक असल्याप्रमाणे ते दाट झुडपात वा वळचणीला जाऊन बसते आणि तेथेच त्याचा अंत होतो. शिवाय चिमणीचे शरीर ते केवढे! वाळलेल्या पाचोळ्यात तपकिरी पिसांचा तो लहानसा गोळा कोणाच्या नजरेस पडणार?

आणि जे थोडे उघड्यावर पडतात, त्यांचे काय होते, हे आम्हांला पुढच्याच आठवड्यात पाहावयास मिळाले. शाळेच्या कुंपणाशी एक साळुंकी मरून पडली होती. सकाळी प्रार्थनेच्या वेळी तिच्या डोळ्यांशी मुंग्या लागल्या होत्या. मधल्या सुट्टीत तिच्यावर हिरव्या माश्या घोंघावत होत्या. सायंकाळी कावळ्यांनी तिला गवतात ओढले. दुसऱ्या दिवशी मी मुलांना घेऊन गेलो, तो तेथे चार-दोन पिसे तेवढी उरली होती. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने तीही नेली. अमेरिकेतील एका संशोधकाने शेतांत लहान पक्ष्यांची कलेवरे मुद्दाम ठेवून हाच प्रकार तपासला होता. त्याचा वृत्तान्त १९८६ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक कलेवरे चोवीस तासांच्या आतच नाहीशी झाली होती!

मुंगी, माशी, भुंगेरा, कावळा, घार, मुंगूस हे सारे निसर्गाचे सफाई कामगार होत. त्यांना कोणी वेतन देत नाही, पण त्यांच्या कामात खंड पडत नाही. या कामगारांत सर्वांत थोर म्हणजे गिधाड. मेलेल्या बैलाचे मांस गिधाडांचा थवा पाहता पाहता फस्त करतो आणि गावाला दुर्गंधीपासून व रोगराईपासून वाचवितो.

मुलांनो, आता एक दुःखाची कथा ऐका. या गिधाडांवरच संकट कोसळले, आणि ते बराच काळ आपल्या लक्षातही आले नाही.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' या संस्थेचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजीत. १९८७-८८ साली त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. काही वर्षांनी ते पुन्हा मोजू लागले, तेव्हा संख्या झपाट्याने घटलेली आढळली. २००३ साली तेथे एकही जोडी घरटे करताना दिसली नाही. सारा देश हिंडून पाहिले, तेव्हा सर्वत्र तीच दशा होती. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एक या प्रमाणात उरली.

कारण काय? गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले जात असे. असे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून हे रहस्य २००४ साली उलगडले. भारत सरकारने २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे दुसरे औषध उपलब्ध होते. तरी झालेली हानी लवकर भरून येणारी नव्हती. कारण गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते.

सातपूरहून त्र्यंबकेश्वराच्या रस्त्याने गेले की अंजनेरीचा डोंगर लागतो. त्याच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. त्याच तालुक्यात हरसूलजवळील खोरीपाडा येथे वनखात्याने व गावकऱ्यांनी गिधाडांसाठी निर्विष मांसाची सोय केली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या आपले आवार स्वच्छ ठेवले, त्यांच्या ऋणाची ही अल्पशी फेड होय.

यातून काय शिकावे? जे दिसत नाही ते घडतच नाही, असे मानू नये. लाखो गिधाडे मेली. परंतु मेलेले पाखरू न दिसण्याची आपल्याला सवयच होती, म्हणून कोणाला शंका आली नाही. ज्याने जिवंत पाखरे मोजली, त्यालाच मेलेल्यांचा पत्ता लागला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकाच ठिकाणी पुष्कळ पाखरे मरून पडलेली दिसली, तर ती साधी गोष्ट समजू नका. २०२१ सालच्या जानेवारीत महाराष्ट्रात काही ठिकाणी मेलेले कावळे आढळले. तपासणीत त्यांना बर्ड फ्लू झाल्याचे निष्पन्न झाले. अशा पाखरांना हात लावू नका. वडीलधाऱ्यांना सांगा, ते पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवितील.

तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाने पुढे एक वही केली. दर रविवारी तो शाळेजवळच्या एकाच झाडाखाली अर्धा तास बसे आणि आलेली पाखरे मोजून लिहून ठेवी. वर्गात आता त्याला कोणी हसत नसे.

शब्दार्थ
कलेवर – मृत शरीर. वळचण – छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग. निर्विष – विष नसलेले. निष्पन्न होणे – सिद्ध होणे.

स्वाध्याय
१. मेलेली पाखरे सहसा का दिसत नाहीत? तीन कारणे लिहा.
२. लेखकाने फळ्यावर हिशेब कशासाठी मांडला?
३. गिधाडांची संख्या घटल्याचे कोणाच्या व कशामुळे लक्षात आले?
४. एक जागा निवडा. चार रविवार तेथे अर्धा तास बसून पाखरे मोजा व नोंद वर्गात वाचून दाखवा.