ब्राउझर निवडताना: जाहिराती रोखण्याचा प्रश्न आणि छोटा व्यापारी

दुकान छोटे असो की मोठे, आज जीएसटीचे विवरणपत्र भरणे, ई-वे बिल काढणे, बँकेतील शिल्लक पाहणे, घाऊक मालाचे भाव काढणे ही कामे संगणकावर किंवा मोबाईलवर होतात. त्यासाठी जे साधन उघडावे लागते त्यास ब्राउझर म्हणतात. तराजू घेताना आपण तो चार ठिकाणी पाहतो, वजनावरचा शिक्का तपासतो. ब्राउझर मात्र यंत्रासोबत जो आला तोच मुकाट्याने वापरत राहतो. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात असा एक बदल झाला आहे की, ही बेफिकिरी आता परवडणारी नाही. तो बदल कोणता, त्यात फायदा कोणाचा आणि नुकसान कोणाचे, व आपण काय करावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

जाहिरात रोखण्याची गरज का पडते?

जाहिरात म्हणजे नुसता डोळ्यांना त्रास, असे अनेकांना वाटते. प्रश्न तेवढाच नाही. वर्तमानपत्रातील जाहिरात कागदावर छापलेली असते. ती तुमच्याकडे पाहत नाही. इंटरनेटवरील जाहिरात बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून येते आणि येताना स्वतःचा छोटा प्रोग्रामही घेऊन येते. तुम्ही कोणते पान पाहिले, कोणत्या मालाची चौकशी केली, याची नोंद ती ठेवू शकते. त्यात तुमचा डेटा खर्च होतो आणि जुने यंत्र मंद होते, ते वेगळेच.

याहून मोठा धोका फसवणुकीचा आहे. समजा, एखाद्या दुकानदाराचे ऑनलाइन पैसे अडकले. त्याने घाईत बँकेचा मदत क्रमांक शोधला. शोधात सर्वांत वर जे नाव दिसले ती जाहिरात होती आणि ती देणारा भामटा होता. दुकानदाराने त्या क्रमांकावर फोन लावला, ओटीपी सांगितला आणि खाते रिकामे झाले. पैसे मोजून वरची जागा घेता येते, आणि ती चोरालाही घेता येते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना नेमका हाच इशारा दिला होता. नामांकित कंपन्यांच्या नावाने खोट्या जाहिराती शोधयंत्रात दिल्या जात असल्याने शोध घेताना जाहिरात रोखणारे एक्स्टेंशन वापरावे, असा सल्ला तिने दिला. म्हणजे ज्यास काही लोक फुकटेपणा समजतात, त्यास एका सरकारी तपास संस्थेने सावधगिरीचा उपाय मानले आहे.

बदल काय झाला?

जाहिरात रोखण्याचे काम बहुतेक ब्राउझरांत एक्स्टेंशन करते. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम. त्यांपैकी युब्लॉक ओरिजिन हे नाव विशेष प्रसिद्ध आहे. रेमंड हिल यांनी २०१४ साली हे काम सुरू केले. ते विनामूल्य आहे आणि त्यासाठी ते देणगीही घेत नाहीत.

जुन्या पद्धतीत हे एक्स्टेंशन दुकानाच्या दारात उभ्या केलेल्या आपल्या विश्वासू माणसासारखे होते. येणारा प्रत्येक नग तो स्वतः पाही आणि आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे जागच्या जागी ठरवी. २०१८ साली गूगलने क्रोम ब्राउझरच्या एक्स्टेंशनांसाठी नव्या नियमावलीचा मसुदा पुढे आणला. तिचे नाव मॅनिफेस्ट व्ही-थ्री. या नियमावलीनुसार आपल्या माणसाने दारात उभे राहून अडवायचे नाही. त्याने फक्त एक यादी लिहून द्यायची. अडवण्याचे काम इमारतीचा वॉचमन, म्हणजे ब्राउझर स्वतः, त्या यादीप्रमाणे करील. यादीलाही मर्यादा आहे. एका एक्स्टेंशनला ३० हजार नियमांची हमी असते. त्यापुढची जागा सर्व एक्स्टेंशनांनी मिळून वापरायची. जाहिरात कंपन्या आपल्या युक्त्या रोज बदलत असतात. अशा वेळी जागच्या जागी निर्णय घेणारा माणूस आणि आधी लिहिलेली यादी, यांत फरक पडतोच.

जून २०२४ पासून क्रोमच्या चाचणी आवृत्त्यांत जुन्या एक्स्टेंशनांबाबत इशारे दिसू लागले. ऑक्टोबर २०२४ पासून सामान्य वापरकर्त्यांच्या क्रोममधून ती टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली आणि २०२५ च्या मध्यापर्यंत क्रोममध्ये जुनी पद्धत संपली. अनेकांचे युब्लॉक ओरिजिन बंद पडले ते यामुळेच. त्याची युब्लॉक ओरिजिन लाइट ही नवी, हलकी आवृत्ती क्रोमवर चालते. ती निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. साध्या वापरात तिने बऱ्याच जाहिराती अडतात. पण मूळ एक्स्टेंशनची ताकद तिच्यात नाही.

गूगलची बाजू

न्यायाने बोलायचे तर गूगलचे म्हणणेही ऐकले पाहिजे. गूगल म्हणते की, प्रत्येक येणे-जाणे पाहणारे एक्स्टेंशन हाच मुळी धोका आहे. यात तथ्य आहे. २०१८ साली क्रोमच्या दुकानात जाहिरात रोखण्याच्या नावाने ठेवलेली बनावट एक्स्टेंशने उघडकीस आली. ती दोन कोटींहून अधिक लोकांनी घेतली होती. २०२० साली नॅनो ॲडब्लॉकर नावाचे चांगले चाललेले एक्स्टेंशन त्याच्या कर्त्याने विकले आणि नव्या मालकांनी त्यात घातक भाग घुसवला. दुकानाचा मालक बदलला तरी पाटी तीच राहते, तसाच हा प्रकार.

पण टीकाकारांचे उत्तरही वजनदार आहे. नव्या नियमावलीने येणे-जाणे अडवण्याचा अधिकार काढला. परवानगी घेऊन ते नुसते पाहत राहण्याची सोय मात्र ठेवली. बेइमान एक्स्टेंशनला पाहणेच पुरेसे असते. अडवण्याची गरज असते ती इमानदार एक्स्टेंशनला.

वॉचमनचा पगार कोण देतो?

व्यापाऱ्याला येथे एक साधा प्रश्न सुचला पाहिजे: हा ब्राउझर फुकट मिळतो, मग तो बनवणाऱ्याचे पोट कशावर चालते? गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिचे २०२४ चे उत्पन्न सुमारे ३५० अब्ज डॉलर होते आणि त्यातील सुमारे २६५ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले. म्हणजे रुपयातले बारा आणे. ज्याच्या गल्ल्यात रुपयाचे बारा आणे जाहिरातीचे, त्याच्याच हाती जाहिरात रोखण्याचे नियम आहेत. यात हेतू वाईटच असला पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. पण हितसंबंध कोठे आहे हे पाहणे हा व्यापाराचा पहिला धडा आहे. दलाल दोन्हीकडून दलाली घेतो, हे ठाऊक असले म्हणजे आपण त्याचे बोलणे तोलून ऐकतो.

हाच प्रश्न इतरांनाही विचारला पाहिजे. फायरफॉक्स हा मोझिला या संस्थेचा ब्राउझर. त्याने जुन्या पद्धतीची एक्स्टेंशने चालू ठेवली आहेत आणि नव्या पद्धतीतही अडवण्याचा अधिकार काढलेला नाही. युब्लॉक ओरिजिन त्यावर पूर्ण ताकदीने चालते. परंतु मोझिलाचे बहुतांश उत्पन्न येते ते गूगलकडूनच. फायरफॉक्समध्ये गूगलचा शोध आधीपासून लावून ठेवल्याबद्दल ही रक्कम मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदा टिकवली, असा निकाल दिला. अशा रकमांवर बंदी आली तर आपले कसे होणार, ही काळजी त्या खटल्यात मोझिलानेही मांडली. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात न्यायालयाने एकाधिकाराचे करार रोखले, पण रकमा देण्यावर सरसकट बंदी घातली नाही आणि क्रोम विकण्याचीही सक्ती केली नाही. फायरफॉक्स आज चांगला आहे, पण त्याची दोरी दुसऱ्याच्या हाती आहे, हेही खरे.

ब्रेव्ह हा ब्रेंडन आइक व ब्रायन बाँडी यांनी २०१५ मध्ये स्थापलेल्या कंपनीचा ब्राउझर. त्याचा पाया क्रोमचाच, म्हणजे क्रोमियम. पण जाहिरात रोखण्याची सोय ब्राउझरच्या अंगातच असल्याने एक्स्टेंशनांचे नवे नियम तिला लागू होत नाहीत. मात्र ब्रेव्ह स्वतःच्याही जाहिराती दाखवतो. त्या घ्यायच्या की नाही हे वापरणारा ठरवतो. २०२० साली काही संकेतस्थळांचे पत्ते टाइप करताना तो त्यांना स्वतःच्या दलालीचा संकेत जोडत असल्याचे उघड झाले आणि आइक यांना चूक मान्य करावी लागली. ऑपेरा व व्हिवाल्डी यांतही जाहिरात रोखण्याची सोय अंगभूत आहे. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० पासून क्रोमियमवर चालतो आणि मायक्रोसॉफ्टनेही नवी नियमावली स्वीकारली आहे.

मोबाईलचा हिशेब वेगळा. अँड्रॉइडवरील क्रोमला एक्स्टेंशन जोडता येत नाही. फायरफॉक्सला जोडता येते. आयफोनवर सफारीसाठी जाहिरात रोखणारी ॲप २०१५ पासून मिळतात. आपल्याकडे आयफोनवरील प्रत्येक ब्राउझर आतून ॲपलच्याच यंत्रणेवर चालतो. म्हणून तेथे नाव बदलल्याने फार फरक पडत नाही.

दुसऱ्याच्या रोजीचा विचार

येथे एक गोष्ट टाळून पुढे जाणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. बातमी फुकट वाचायला मिळते ती जाहिरातीच्या पैशावर. छोटी वृत्तपत्रे, पाककृती लिहिणाऱ्या गृहिणी, शेतीची माहिती देणारे तरुण यांची रोजी त्यावर चालते. सरसकट सर्वांची जाहिरात अडवली तर भामट्याबरोबर सज्जनाचेही नुकसान होते. २०११ साली ॲडब्लॉक प्लस या एक्स्टेंशनने यावर उपाय म्हणून सौम्य जाहिरातींना वाट देण्याची योजना काढली. पण मोठ्या कंपन्यांकडून त्यासाठी शुल्क घेतले. वॉचमननेच दारात पैसे घेतले, असा आक्षेप त्यावर आला. त्यापेक्षा सरळ मार्ग असा की, ज्या संकेतस्थळावर आपला विश्वास आहे त्यापुरती अडवणूक आपण स्वतः बंद ठेवावी. चांगल्या एक्स्टेंशनांत ही सोय एका बटणावर असते.

मग करावे काय?

आमचा सल्ला असा की, एकच ब्राउझर सर्व कामांना वापरू नये. घराची तिजोरी आणि दुकानाचे काउंटर आपण एका खोलीत ठेवत नाही. तसेच येथेही दोन ब्राउझर ठेवावेत.

पहिला ब्राउझर केवळ बँक, जीएसटी व आयकर यांच्यासाठी. तो क्रोम असो की एज, हरकत नाही. पण त्यात एकही एक्स्टेंशन नसावे. एक्स्टेंशन कितीही चांगले असले तरी पैशाच्या खोलीत परक्याला जागा नको. शिवाय जाहिरात रोखणाऱ्या साधनामुळे पैसे भरण्याचे पान कधीकधी अडते, तो त्रासही वाचतो. बँकेचा पत्ता शोधून काढू नये. तो एकदा पासबुकावरून नीट पाहून बुकमार्क करून ठेवावा.

दुसरा ब्राउझर बाकी सर्व कामांसाठी: भाव पाहणे, माल शोधणे, बातम्या वाचणे. येथे फायरफॉक्स आणि युब्लॉक ओरिजिन ही जोडी आम्हास उत्तम वाटते. ज्यांना काहीच जोडायचे नाही त्यांनी ब्रेव्ह घ्यावा. ज्यांना क्रोमच हवा त्यांनी निदान लाइट आवृत्ती घ्यावी. एक्स्टेंशन घेताना नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, कारण मिळत्याजुळत्या नावांची गर्दी असते. दर सहा महिन्यांनी यादी उघडून नको ते काढून टाकावे. दुकानातील मुलाने किंवा हिशेबनिसाने काय जोडले आहे, तेही पाहावे.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेस कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

पुढील काळात ब्राउझरांची नावे बदलतील, नियमही बदलतील. म्हणून नावापेक्षा तीन प्रश्न पाठ करून ठेवावेत: याचा खर्च कोण भागवतो? माझ्या दारात काय येते हे कोण ठरवतो? आणि उद्या मला हा सोडायचा झाला, तर माझे बुकमार्क व पासवर्ड घेऊन मी सहज जाऊ शकेन का? भागीदार निवडताना आपण हेच विचारतो. ब्राउझरलाही तेच विचारावे.