कॅल्शियम फ्लुओराइड : रचना, गुणधर्म आणि ‘अविद्राव्य’ या संज्ञेचा अर्थ

कामठीच्या नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म भूशास्त्रात परिचित आहे. फ्लुओराइट या खनिजासाठी मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावाकडे वळावे लागते. फ्लुओराइट म्हणजे कॅल्शियम फ्लुओराइड.

रचना : याचा स्फटिक घनाकृती असतो. प्रत्येक कॅल्शियम आयनाभोवती आठ फ्लुओराइड आयन, तर प्रत्येक फ्लुओराइड आयनाभोवती चार कॅल्शियम आयन असतात. म्हणून त्यांचे प्रमाण १:२ राहते.

गुणधर्म : आयनांमधील प्रबळ आकर्षणामुळे हे संयुग सुमारे १४१८ अंश सेल्सिअसला वितळते. मोज मापश्रेणीत त्याची कठिनता ४ आहे.

हे संयुग सामान्यतः ‘अविद्राव्य’ म्हटले जाते. वस्तुतः एक लिटर शुद्ध पाण्यात ते सुमारे १६ मिलिग्रॅम विरघळते व त्यातून सुमारे ८ मिलिग्रॅम फ्लुओराइड मुक्त होते. पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. ती दीर्घकाळ ओलांडल्यास दात व हाडे यांना फ्लुओरोसिस जडतो. पाण्यात कॅल्शियम आधीच विपुल असल्यास ही विद्राव्यता घटते. म्हणून अशा खडकांतील, कॅल्शियम कमी असलेले पाणी अधिक धोक्याचे ठरते. तात्पर्य, ‘अविद्राव्य’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे.

स्वयंअध्ययन प्रश्न : मृदू पाण्यात फ्लुओराइड अधिक का आढळू शकते, ते सकारण लिहा.